आधी वजनकाटा, मग शेतकरी, शेवटी मेनू: पुण्यात स्थानिक शेतमालावर पर्यावरणपूरक हॉटेल चालवण्याची रीत

स्थानिक शेतमालावर पर्यावरणपूरक हॉटेल चालवू पाहणाऱ्यांचा घोटाळा बहुतेक वेळा क्रमात होतो. आधी मेनू ठरतो, तो छापून येतो, भिंतीवर शेताचे चित्र लागते, आणि मग त्या मेनूतले पदार्थ बारा महिने पुरवील असा शेतकरी शोधायला माणूस बाहेर पडतो. असा शेतकरी मिळत नाही, कारण शेत बारा महिने एकच पीक देत नाही. दोन-तीन महिन्यांत माल पुन्हा मार्केट यार्डातून येऊ लागतो, मेनूवरचे शब्द मात्र तसेच राहतात. पुढील टप्पे या चुकीचा क्रम उलटवण्यासाठी लिहिले आहेत. ते नव्या हॉटेलाला लागू आहेतच, पण चालू हॉटेलही याच क्रमाने बदलता येते. कोणताही टप्पा ओलांडून पुढे जाऊ नये.

## टप्पा १: चौदा दिवसांची मोजणी

काहीही बदलण्यापूर्वी आज किती वाया जाते, हे आकड्यांत कळले पाहिजे. त्यासाठी एक वजनकाटा, तीन वेगळ्या रंगांचे टब आणि एक वही पुरते. पहिल्या टबात निवडताना आणि चिरताना निघालेला भाग टाकावा, दुसऱ्यात शिजवून न विकले गेलेले अन्न आणि तिसऱ्यात गिऱ्हाइकांच्या ताटातून परत आलेले. दुपारची आणि रात्रीची पाळी संपली की तिन्ही टबांचे वजन वेगळे लिहावे आणि शेजारी त्या पाळीत किती ताटे गेली तेही लिहावे. चौदा दिवस अशासाठी की त्यात दोन शनिवार-रविवार येतात आणि एखादी चतुर्थी किंवा एकादशीही सापडते. पुण्यात उपासाच्या दिवसाचे गणित इतर दिवसांपेक्षा निराळे असते.

हे तीन टब तीन वेगवेगळ्या दोषांकडे बोट दाखवतात, म्हणून त्यांची बेरीज करून एकच आकडा काढू नये. पहिला टब जड असेल तर खरेदी किंवा निवडणे बिघडले आहे. दुसरा जड असेल तर अंदाज चुकतो आहे. तिसरा जड असेल तर वाढप जास्त आहे किंवा एखादा पदार्थ लोकांना आवडत नाही. तिसऱ्या टबात नेमके काय आले, हे भांडी घासणाऱ्या माणसाइतके कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे त्याला विचारल्याशिवाय वही बंद करू नये.

याच चौदा दिवसांत दर १०० ताटांमागे गॅस किती किलो लागला, विजेच्या मीटरचे किती युनिट झाले, पाण्याचे किती टँकर किंवा किती टाक्या लागल्या आणि तळणीचे किती तेल फेकले, हेही टिपावे. व्यापारी सिलिंडर १९ किलोचा असतो, म्हणून तो कधी लावला आणि कधी संपला एवढे लिहिले तरी गॅसचा हिशेब निघतो.

तपासणी: वहीत एकही पाळी रिकामी राहिली असेल, तर त्या पाळीचा आकडा अंदाजाने भरू नये. मोजणी एक दिवस पुढे न्यावी.

## टप्पा २: 'स्थानिक' म्हणजे काय, हे कागदावर लिहिणे

मार्केट यार्डातून आणलेला माल स्थानिकच असतो, ही सर्वांत रूढ चूक आहे. मार्केट यार्ड म्हणजे गुलटेकडीचा घाऊक बाजार, आणि तिथे देशभरातून आवक होते. लसूण बराचसा मध्य प्रदेशातून येतो, बटाटा आग्रा आणि इंदूरकडून, गाजर राजस्थानातून, शेवगा दक्षिणेतल्या राज्यांतून. त्याच गाळ्यांवर मंचर-खेडचा बटाटा, नारायणगावचा टोमॅटो आणि पुरंदरचा वाटाणाही येतो. गाळ्यावर उभे राहून माल कुठला, असे विचारल्याशिवाय हा फरक कळत नाही, आणि विचारले तर आडते सहसा सांगतात.

म्हणून तीन याद्या कराव्यात. पहिली पुणे जिल्हा आणि त्याला लागून असलेल्या तालुक्यांची: मावळचा इंद्रायणी, मुळशीचा आंबेमोहर, पुरंदरचे अंजीर आणि सीताफळ, जुन्नर-आंबेगावचा भाजीपाला, दौंडच्या गुऱ्हाळांवरचा गूळ, भोर आणि वेल्ह्याची नाचणी व वरई. दुसरी उरलेल्या महाराष्ट्राची: मंगळवेढ्याची ज्वारी, कोरेगावचा वाघ्या घेवडा, कोकणातले कोकम आणि नारळ. तिसरी यादी बाहेरून आणावेच लागणाऱ्या वस्तूंची, म्हणजे चहा, मोहरी, वेलदोडे, हिंग यांची. ही तिसरी यादी लपवू नये. ज्या हॉटेलाला ती भिंतीवर लावता येते, त्याच्या पहिल्या यादीवरही लोक विश्वास ठेवतात.

अंतर कमी म्हणजे प्रदूषण कमी, असे सरसकट धरता येत नाही. साठ किलोमीटरवरून पंधरा किलो भाजी घेऊन येणारा जवळजवळ रिकामा टेंपो त्या भाजीवर इतके डिझेल जाळतो की मोठ्या ट्रकमधून दूरवरून आलेली भाजी किलोमागे कमी धूर करून आलेली असू शकते. बहुतेक अन्नपदार्थांच्या बाबतीत वाहतुकीपेक्षा ते पिकवण्यात आणि वाया घालवण्यात अधिक हानी होते. त्यामुळे स्थानिक मालाचा आग्रह धरताना त्याच्या जोडीला भरलेली गाडी आणि रिकामा टब हवा, नाहीतर आपण फक्त नकाशा बदलतो.

इशारा: प्रमाणपत्राशिवाय 'सेंद्रिय' हा शब्द मेनूवर, फलकावर किंवा जाहिरातीत वापरू नये. शेतकरी प्रामाणिक असला आणि त्याने खरोखर रासायनिक खत टाकलेले नसले, तरी पीजीएस-इंडिया किंवा एनपीओपी या सेंद्रिय मालाच्या सरकारी योजनांचे प्रमाणन नसेल तर 'अमुक गावच्या शेतातून' एवढेच लिहावे. ते खरे असते आणि गिऱ्हाइकाला तेवढे पुरते.

## टप्पा ३: हंगामाचे कॅलेंडर

आता बारा महिन्यांचा तक्ता करावा. तो इंटरनेटवरून उतरवू नये. बारा महिने बाजारात काय दिसते आणि बारा महिने आपल्या आसपास काय पिकते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाटाण्याचे उदाहरण बोलके आहे. पुरंदरचा वाटाणा पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतो, आणि डिसेंबर-जानेवारीत जो भरपूर आणि स्वस्त वाटाणा दिसतो, तो बहुतांशी परराज्यातला असतो. ज्याने हिवाळ्याच्या मेनूत 'स्थानिक मटार उसळ' लिहिली, तो नकळत खोटे बोलला.

पावसाळ्यात दोडका, घोसाळी, पडवळ, भोपळा, अळू आणि करटुली यांच्यावर भर असावा. पालेभाज्या या दिवसांत चिखलाने भरलेल्या, लवकर सडणाऱ्या आणि महाग असतात, म्हणून त्या मेनूत कमी ठेवाव्यात. थंडीत चाकवत, करडई, हरभऱ्याचा पाला, पावटा, तुरीच्या शेंगा, भरताची वांगी आणि बाजरी असा भरपूर माल असतो, आणि शेतमालाची नवी थाळी सुरू करायला हाच काळ योग्य आहे. मार्च ते मे हा कठीण काळ. पालेभाजी आटते, पाणी कमी असते. या महिन्यांसाठी कडधान्ये, पिठले, सांडगे, कुरडया, कैरी, फणस आणि काकडी यांचा आधार आधीपासून ठेवावा लागतो. घरोघरी वाळवणे घालण्याची पद्धत याच टंचाईसाठी होती. हॉटेलाने ती बचत गटांकडून ठरवून करून घेतली, तर उन्हाळाही निभावतो आणि गावात पैसाही जातो.

धान्याचे कॅलेंडर वेगळे ठेवावे, कारण ते वर्षातून एकदाच खरेदी करायचे असते. भाताची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते आणि रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निघते. नवा इंद्रायणी शिजताना फार चिकट होतो, म्हणून तो काही महिने मुरू द्यावा लागतो, आणि मुरल्यावरही तो पुलाव-बिर्याणीला चालत नाही. स्थानिक तांदूळ 'जमला नाही' अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुधा त्याचा पुलाव केलेला असतो. वरणभात, खिचडी आणि मऊभात ही त्याची जागा. आंबेमोहर घेताना तो थेट मुळशीतल्या शेतकऱ्याकडून किंवा त्यांच्या उत्पादक गटाकडून घ्यावा, कारण दिसायला सारखा असलेला परराज्यातला तांदूळ त्याच नावाने विकला जातो. बाजरीचे पीठ काही दिवसांत कडू पडते, म्हणून बाजरी धान्यरूपात ठेवून आठवड्यातून दोनदा दळून आणावी.

रानभाज्यांबद्दल दोन शब्द अधिक. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, चाईचा मोहोर या भाज्या मुळशी, भोर, वेल्हे भागातून पावसाळ्यात येतात आणि त्यांची मोठी हौस असते. त्या ओळखणाऱ्या बाईकडूनच घ्याव्यात, दुकानदाराकडून नव्हे. शेवळासारखी भाजी काकडाची फळे किंवा चिंच न घालता केली तर घसा खाजतो, आणि त्याचा दोष हॉटेलावर येतो. भाजी आणणाऱ्याला कंद उपटू नका, पाने आणि कोंब तेवढे खुडा, असे सांगावे, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी भाजी आहे की नाही हे त्याला विचारावे. मागणी वाढली म्हणून डोंगर ओरबाडला जात असेल, तर तो पदार्थ मेनूतून काढावा.

## टप्पा ४: शेतकऱ्याशी बोलणी

महाराष्ट्रात २०१६ साली फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, त्यामुळे हॉटेलाने शेतकऱ्याकडून थेट माल घेण्यात कायद्याची अडचण उरलेली नाही. अडचण व्यवहाराची असते.

एकट्या शेतकऱ्यापासून सुरुवात करू नये. एकाच रस्त्यावरचे चार-पाच शेतकरी किंवा एखादी शेतकरी उत्पादक कंपनी निवडावी, म्हणजे एकाच गाडीत सगळ्यांचा माल येतो. पुण्याकडे दूध किंवा भाजी घेऊन रोज येणारी गाडी असेल, तर तिच्यातच आपले क्रेट बसवावेत. शेतकरी शोधण्यासाठी आठवडे बाजारात स्वतः जावे, तिथे विकणारा माणूस पिकवणारा आहे की व्यापारी, हे दोन-तीन प्रश्नांत कळते: पेरणी कधी केली, पाणी कुठले, पुढच्या महिन्यात शेतात काय असेल. त्यानंतर शेतावर जावे. विहीर, फवारणीची वही, काढणीनंतर माल ठेवण्याची सावली आणि धुण्याचे पाणी या चार गोष्टी पाहाव्यात. शहराच्या खालच्या अंगाला नदीच्या किंवा ओढ्याच्या सांडपाण्यावर पिकवलेली पालेभाजी कितीही जवळची असली तरी घेऊ नये.

बोलणीत पुढील बाबी स्पष्ट ठरल्या पाहिजेत, आणि त्या दोघांच्याही सहीने एका पानावर उतरल्या पाहिजेत.

१. माप. पालेभाजीचा भाव शेकडा जुड्यांवर आणि फळभाजीचा १० किलोंवर बोलला जातो. जुडीचे वजन हंगामाप्रमाणे आणि माणसाप्रमाणे बदलते. हॉटेलाने पालेभाजीही किलोवरच घ्यावी.

२. दर. नुसत्या बाजारभावावर व्यवहार ठेवला तर भाव कोसळल्यावर शेतकरी मरतो, आणि नुसत्या ठराविक दरावर ठेवला तर भाव चढल्यावर माल यार्डात जातो. हंगामासाठी किमान आणि कमाल दर ठरवून त्यांच्यामध्ये बाजारभावाने व्यवहार करणे दोघांनाही परवडते.

३. परतीचा नियम. कोणता माल परत जाईल, हे दारात नव्हे तर आधीच ठरवावे. वेडावाकडा आकार हे माल परत करण्याचे कारण असू शकत नाही. सडका, किडका, कोमेजलेला माल हे कारण आहे. वाकडी काकडी कोशिंबिरीत वाकडी राहत नाही.

४. पैसे. दर आठवड्याच्या ठरलेल्या वारी, पूर्ण रक्कम, थेट खात्यावर.

चौथ्या मुद्द्यावर मी अधिक लिहितो, कारण बहुतेक जोडण्या येथेच तुटताना मी पाहिल्या आहेत. हॉटेलांच्या धंद्यात पुरवठादाराला महिना-दीड महिना थांबवणे रूढ आहे. किराणा व्यापारी ते सोसतो, कारण त्याने ते व्याज दरात घातलेले असते. शेतकऱ्याला पुढच्या आठवड्याची मजुरी रोख द्यावी लागते. एका हॉटेलाच्या मालकांनी मला अभिमानाने सांगितले होते की त्यांचे अकरा शेतकरी आहेत. सहा महिन्यांनी त्यातले दोन उरले. नऊ जणांपैकी कोणाचीही दराबद्दल तक्रार नव्हती. त्यांना फोन करून पैसे मागावे लागत होते, आणि त्यांना त्याचा अपमान वाटत होता. ज्याला आठवड्याला पैसे देणे जमणार नाही, त्याने आधी खेळत्या भांडवलाची सोय करावी आणि मगच शेतकऱ्याच्या दारात जावे.

इशारा: पहिल्या महिन्यात एकूण गरजेच्या एक-चतुर्थांशाहून अधिक माल थेट शेतातून घेऊ नये. यार्डातला नेहमीचा आडत्या सोडू नये. गारपीट, अवकाळी, गाडी बंद पडणे या दिवशी तोच उपयोगी पडतो.

तपासणी: यार्डाच्या फळ-भाजी विभागाला शनिवारी सुट्टी असते आणि रविवारी आवक मोठी असते. शेतातून माल येण्याचे वार ठरवताना शनिवारच्या गर्दीची तयारी शुक्रवारपर्यंत पूर्ण होते ना, हे पाहावे. पालखी पुण्यात येते ते दिवस आणि गणेश विसर्जन यांच्या वेळी रस्ते बंद असतात. त्या दिवसांचा साठा कॅलेंडरवर आधीच लाल रंगाने लिहून ठेवावा.

## टप्पा ५: आता मेनू

मेनूचा सांगाडा कायम ठेवावा आणि त्यातला माल बदलता ठेवावा. 'मेथीची भाजी' असे छापण्याऐवजी 'आजची पालेभाजी', 'आजची उसळ', 'आजची कोशिंबीर', 'भाकरी: हंगामाप्रमाणे ज्वारी, बाजरी किंवा नाचणी' असे लिहावे आणि रोजची नावे फळ्यावर खडूने लिहावीत. फळ्यावर गावाचे नाव लिहायचे असेल, तर ते त्या दिवशीच्या चलनावरून, म्हणजे मालासोबत आलेल्या पावतीवरून लिहावे, आठवणीतून नव्हे. एका मेनूत पंधरा-वीस पदार्थांहून अधिक नसावेत. पन्नास पदार्थांचा मेनू म्हणजे पन्नास पदार्थांचा साठा, आणि दुसरा टब त्यानेच भरतो.

श्रावणात कांदा-लसूण वगळून जेवणारे आणि मांसाहार न करणारे लोक वाढतात, नवरात्रात उपासाच्या पदार्थांना मागणी येते. या बदलांची सूचना शेतकऱ्याला निदान दीड-दोन महिने आधी गेली पाहिजे, कारण पालेभाजीलाही पेरणीपासून काढणीपर्यंत साधारण महिना-दीड महिना लागतो. आठवडाभर आधी कळवून काही पिकत नाही.

पदार्थाची किंमत काढताना खरेदीचा भाव धरू नये, निवडल्यानंतरचा भाव धरावा. समजा, मेथीची जुडी १५ रुपयांना पडली, तिचे वजन ३०० ग्रॅम भरले आणि निवडल्यावर वापरण्याजोगी १५० ग्रॅम उरली, तर ती मेथी किलोला ५० रुपयांची नव्हे, १०० रुपयांची आहे. प्रत्येक भाजीचा असा हिशेब तीन वेगवेगळ्या दिवशी स्वतः करून त्याची सरासरी वहीत लिहावी. यात अनेकदा असे दिसते की शेतातून थेट आलेली थोडी महाग भाजी, ताजी असल्यामुळे कमी निवडावी लागते आणि शेवटी स्वस्त पडते. पण हे प्रत्येक भाजीला खरे नसते, म्हणून मोजल्याशिवाय धरून चालू नये.

देठ, साली आणि पाला यांचा उपयोग मेनूतच बसवावा. कोथिंबिरीचे देठ वाटणात, दोडक्याच्या शिरांची चटणी, मुळ्याच्या पाल्याची भाजी, फ्लॉवरचे कोवळे देठ भाजीत. पुण्याच्या स्वयंपाकात हे सारे आधीपासून आहे आणि गिऱ्हाइकाला समजावून सांगावे लागत नाही. वाढप लहान ठेवून भाजी-आमटी पुन्हा मागता येईल अशी सोय केली, तर तिसरा टब ठळकपणे हलका होतो.

## टप्पा ६: माल उतरवून घेणे, ठेवणे आणि शिजवणे

माल उतरताना वजन, तापमान आणि ताजेपणा पाहून चलनावर लिहावे. शेतातला माल मातीसह येतो, त्यामुळे त्याला स्वयंपाकघराबाहेर धुण्याची वेगळी मोरी लागते. ही जागा नसताना थेट खरेदी सुरू करणे ही नव्या हॉटेलांची ठरलेली चूक आहे. कच्च्या खायच्या भाज्या माती काढल्यावर ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) क्लोरीनच्या पाण्यात बुडवून, नंतर पिण्याच्या पाण्याने धुवाव्यात. पालेभाजी ओली असताना फ्रीजमध्ये ठेवू नये. पाणी निथळून, सुती फडक्यात किंवा छिद्रांच्या क्रेटमध्ये ठेवावी. कांदा आणि बटाटा एकत्र साठवू नयेत, दोन्ही लवकर खराब होतात. रसायनविरहित गूळ पावसाळ्यात पाझरतो, म्हणून जूनपूर्वी तो घट्ट झाकणाच्या डब्यात भरून कोरड्या जागी ठेवावा.

अन्न वाचवण्याच्या नादात अन्नसुरक्षा सोडता येत नाही. शिजवलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली असले पाहिजे. उरलेली आमटी मोठ्या पातेल्यात तशीच फ्रीजमध्ये ढकलली तर तिचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. ती उथळ ट्रेमध्ये पसरून दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत थंड करावी, डब्यावर तारीख आणि वेळ लिहावी, आणि एकदाच गरम करावी. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे दर २५ अन्न हाताळणाऱ्या कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक लागतो. तो मालकाचा नातेवाईक नसावा, रोज भट्टीजवळ उभा राहणारा माणूस असावा.

इशारा: भात रात्रभर बाहेर ठेवून सकाळी फोडणीला घालण्याची सवय ताबडतोब थांबवावी. शिजवलेल्या भातात वाढणाऱ्या जिवाणूचे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

## टप्पा ७: गॅस, वीज, पाणी

येथे महागड्या यंत्रांपूर्वी साध्या दुरुस्त्या कराव्यात. बर्नरची ज्योत पिवळी असेल तर गॅस वाया जातो आणि भांडी काळी पडतात. बर्नर साफ करून ज्योत निळी आणावी. कडधान्ये भिजवूनच शिजवावीत आणि ती मोठ्या प्रेशर कुकरमध्ये शिजवावीत. फ्रीजच्या दारात कागद धरून दार लावावे. कागद सहज निघाला तर रबर बदलण्याची वेळ झाली आहे. मागची जाळी महिन्यातून एकदा झाडावी.

पाण्याबाबत खडकवासला साखळीतल्या चार धरणांवर अवलंबून असलेल्या शहरात वेगळे सांगायला नको. प्रत्येक नळाखाली बादली ठेवून मिनिटाला किती लिटर पाणी पडते ते मोजावे आणि भांडी घासण्याच्या नळांना एरेटर, म्हणजे हवा मिसळून पाणी कमी सोडणाऱ्या जाळ्या बसवाव्यात. आरओचे फेकले जाणारे पाणी टाकीत साठवून फरशी पुसण्याला वापरावे. गिऱ्हाइकाला अर्धा पेला पाणी देऊन, मागितल्यावर पुन्हा भरणे पुण्याने टंचाईच्या दिवसांत स्वीकारले होते. ते बारा महिने ठेवावे.

## टप्पा ८: कचरा आणि तळणीचे तेल

पहिले सात टप्पे नीट झाले, तर येथे येणारा कचरा आधीच घटलेला असतो. ज्यांनी कचऱ्यापासून, म्हणजे खताच्या यंत्रापासून सुरुवात केली, त्यांनी गरजेपेक्षा मोठे यंत्र घेतलेले मी पाहिले आहे. ५ टक्के जीएसटीच्या पद्धतीत हॉटेलाला यंत्रावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून यंत्राची किंमत करासहित धरावी.

दिवसाला १०० किलो किंवा अधिक कचरा होत असेल, तर केंद्रीय नियमांनुसार हॉटेल मोठा कचरा निर्माता ठरते आणि ओला कचरा जागेवर जिरवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. आपण या मर्यादेच्या कोणत्या बाजूला आहोत, याचे उत्तर पहिल्या टप्प्यातल्या वहीत आहे. मर्यादेच्या आत असलात तरी वर्गीकरण चुकत नाही. सुका कचरा अन्नाने भिजला की 'स्वच्छ'सारख्या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांना तो विकता येत नाही, आणि त्यांची रोजी बुडते. मिसळलेला कचरा शेवटी कोणाच्या तरी गावाशेजारी जातो. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी ते वर्षानुवर्षे सोसले आहे, आणि तो कचरा करणारे आपणच होतो.

खत जागेवर करायचे असेल, तर ओला कचरा बारीक चिरून त्यात आकारमानाने निदान तेवढाच सुका पालापाचोळा किंवा भुसा मिसळावा. मूठभर मिश्रण दाबल्यावर बोटांमधून एक-दोन थेंब पाणी यावे. धार लागली तर सुका माल वाढवावा, काहीच आले नाही तर पाणी शिंपडावे. तेलकट, खारट शिजवलेले अन्न थोडेच घालावे, हाडे घालू नयेत. दुर्गंधी येऊ लागली की लोक सुगंधी द्रव फवारतात. दुर्गंधीचे कारण हवा न मिळणे हे असते, म्हणून ढीग उलथावा. तयार खत परतीच्या गाडीने त्याच शेतकऱ्यांकडे पाठवावे.

वापरलेल्या तेलातील टीपीसी, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणाऱ्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण, २५ टक्क्यांहून अधिक झाले की ते तेल खाण्यासाठी वापरणे कायद्याने बंद आहे. ते मोजण्याचे हातातले यंत्र मिळते. तळणीचे तेल रोज गाळावे, भट्टी रिकामी असताना तेल उकळत ठेवू नये. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवावी लागते. कमी वापरणाऱ्यांनीही ठेवावी. उतरलेले तेल फक्त अधिकृत संकलकालाच, पावती घेऊन द्यावे. ते मोरीत ओतू नये आणि दारात येऊन रोखीने घेऊन जाणाऱ्याला विकू नये, कारण ते पुन्हा कोणाच्या तरी वड्यात जाते.

तपासणी: मोरीच्या ग्रीस ट्रॅपचे, म्हणजे सांडपाण्यातले तेल अडवणाऱ्या पेटीचे झाकण आठवड्यातून एकदा मालकाने स्वतः उघडून पाहावे.

## टप्पा ९: पार्सल

१ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, चमचे, काटे, स्ट्रॉ आणि ढवळण्या देशभर बंद आहेत. त्यांच्या जागी आलेले आतून प्लॅस्टिकचा थर असलेले कागदी डबे हा उपाय नाही, ते सुक्या कचऱ्यातही जात नाहीत आणि खतातही. उसाच्या चोयट्यांचे डबे कोरड्या पदार्थांना चालतात. आमटी-रस्स्यासाठी जवळच्या वस्तीतल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना ठेव घेऊन स्टीलचा डबा द्यावा आणि पुढच्या पार्सलच्या वेळी तो परत घ्यावा. हे सुरुवातीला एका सोसायटीत, वीस-पंचवीस डब्यांवर करून पाहावे. चमचा आणि टिश्यू मागितल्याशिवाय टाकू नयेत.

## टप्पा १०: तिसऱ्या महिन्याअखेर पुन्हा वजनकाटा

तीन महिने झाले की पहिल्या टप्प्यातली चौदा दिवसांची मोजणी तशीच पुन्हा करावी: तेच टब, तीच वही. तीन टबांचे आकडे दर १०० ताटांमागे काढून जुन्या आकड्यांशेजारी लिहावेत आणि ते पान स्वयंपाकघरात, आचारी, वेटर आणि भांडी घासणारे या सगळ्यांना दिसेल असे लावावे. बचतीतला ठरलेला हिस्सा त्यांना पगारासोबत द्यावा. याच आठवड्यात शेतकऱ्यांना हॉटेलात जेवायला बोलवावे, कोणता माल परत गेला आणि का, हे चलने समोर ठेवून बोलावे, आणि पुढच्या हंगामात कोण काय आणि किती पेरणार, हे जेवण झाल्यावर त्याच टेबलावर लिहून घ्यावे.